मशीन बंद पडलं त्या सोमवारी

"काय पाव्हणं, उठला का?"

शटर वर गेलं की शेठ कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात ठेवून आधी हे विचारत आणि मगच देवाला उदबत्ती लावत. आतला पंखा घरघरायला लागला, पडदा उजळला, की म्हणत, "उठलं बगा. आज बी भाकरी मिळणार."

करोल बागेच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवून लगडी करायची, तिच्यात शुद्ध सोनं किती, म्हणजे टंच किती, ते मशीनवर तपासायचं आणि चिठ्ठी द्यायची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत. तुमच्या गावच्या सराफ गल्लीतही एखादं दुकान असेल, बघा. बाजार त्यांना 'मराठाजी' म्हणायचा, मी शेठ म्हणायचो. नोएडातली नोकरी गेल्यावर मी दुकानांच्या कॉम्प्युटरची देखभाल करू लागलो होतो, आणि दिल्लीत मराठीतून भांडता येईल असं हे माझं एकच गिऱ्हाईक होतं.

टंचाचं मशीन चांगलं होतं, पण ते ज्याच्यावर चालायचं तो कॉम्प्युटर फार जुना. मशीनचं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं, म्हणून तो जपावा लागे. मी साफसफाईला गेलो की शेठ स्टूल ओढून शेजारी बसत आणि डॉक्टरला विचारावं तसं विचारत, "ह्याचं काळीज अजून किती वर्सं?"

मी सांगायचो की प्रोसेसर सहसा मरत नाही. नीट गार ठेवला तर मालकापेक्षा जास्त टिकतो. मरतो तो त्याच्याभोवतीचा मदरबोर्ड.

"म्हंजे माणूस ठणठणीत, पर घर पडाय आलंय."

"तसंच म्हणा."

"मग आमच्या गावात समदे प्रोसेसरच हायेत."

एकदा धूळ झटकताना मला दिसलं की बोर्डावरचे चार-पाच कपॅसिटर वरून फुगलेत. कपॅसिटर म्हणजे वीज सांभाळून देणारे छोटे डबे. ते फुगले की बोर्डाचे दिवस भरत आले असं समजायचं. मी शेठना दाखवलं. ते म्हणाले, बदलून टाका. दिवाळीची गर्दी ओसरू दे, मग बदलू, असं मी म्हणालो. दिवाळी गेली, लग्नसराई आली. दर वेळी मी 'पुढच्या खेपेला' म्हणत राहिलो. मला दुसरीकडे कामं होती, एवढंच त्याचं कारण.

तो सोमवार होता. सोमवारी करोल बाग बंद असते. गलाईवाले त्या दिवशी ओळखीच्या सराफांचं निवांत काम करतात. शेठचा फोन आला. आवाज इतका हळू होता की आधी मी ओळखलाच नाही. "साहेब, पाव्हणं उठंना. जसं असाल तसं या."

मी पोचलो तेव्हा दुकानात दोघंच होते. टेबलाच्या एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला त्यांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, पलीकडच्या गल्लीतले सराफ. एरवी हे दोघे एकमेकांच्या डब्यातलं खात. सराफांना पिठलं लागायचं आणि शेठना त्यांच्या घरचा राजमा. त्या दिवशी दोघांच्या मध्ये एक लगडी पडली होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं.

झालं होतं ते असं. सराफांनी जुने दागिने आणले, त्यांच्यासमोर ते वितळले, लगडी झाली. मशीनने शहाऐंशी तीस टंच दाखवला, म्हणजे शंभरात ८६.३० शुद्ध सोनं. सराफांचा हिशेब सत्याऐंशीचा होता. ते म्हणाले, फिर से लगाओ. शेठनी लगडी पुन्हा मशीनमध्ये ठेवली आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

"मशीन भी टाइम देखकर मरती है," सराफ माझ्याकडे बघून म्हणाले.

 शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. लगडी दुसऱ्या कुणाकडे दाखवून घ्या, असं त्यांनी आधीच सुचवलं होतं. त्यावर सराफांनी उत्तर दिलं होतं की आज जी दुकानं उघडी आहेत ती सगळी तुमच्याच तालुक्यातल्यांची. चिठ्ठीवर कोणता आकडा घालायचा ते तुम्ही फोनवर ठरवाल. इतक्या वर्षांत असं वाक्य त्या दुकानात कुणी उच्चारलं नव्हतं. आता एकच उपाय उरला होता. हेच मशीन, याच टेबलावर, दोघांच्या डोळ्यांसमोर पुन्हा चाललं पाहिजे. नाहीतर उद्या बाजार उघडला की 'मराठाजीने माल मारला' ही बातमी चहाच्या टपरीपासून सुरू झाली असती. या धंद्यात माणसाकडे नावाशिवाय दुसरं काही नसतं.

मी कॅबिनेट उघडलं. फुगलेल्यांपैकी दोन डबे फुटून तपकिरी रस बोर्डावर उतरला होता. शेठनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सराफांसमोर अवाक्षर काढलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी नेहरू प्लेसला धावलो. त्या जातीचा बोर्ड नवीन मिळणं शक्यच नव्हतं. जुन्या मालाच्या तीन दुकानांत नकार मिळाला, चौथ्या दुकानदाराने एक वापरलेला बोर्ड काढून दिला. परतीच्या मेट्रोत मी तो लहान मूल घेऊन बसावं तसा मांडीवर धरून बसलो होतो.

दुकानात दोघं तसेच बसलेले. जेवणाचे डबे उघडले नव्हते. सराफ लगडीवर नजर ठेवून बसले, एकदाही लघवीला उठले नाहीत, असं शेठनी मला नंतर सांगितलं.

मी जुन्या बोर्डावरून प्रोसेसर काढला. वरची पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. ती पुसली आणि बघण्यासाठी तो उलटा केला. खालच्या बाजूला सोन्याचे बारीक ठिपके दिव्याखाली चमकले. दोघंही एकदम पुढे वाकले.

"असली है?" सराफांनी विचारलं.

"मुलामा," शेठ म्हणाले. "किलोभर जमवाल तवा गुंजभर निघंल." मग आपण कुणाशी बोलतोय हे आठवून ते मागे सरले.

नव्या सॉकेटच्या पिना केसासारख्या असतात. एक वाकली की बोर्ड गेला. मी मनगट टेबलावर टेकवलं आणि प्रोसेसर नुसता सोडला. तो बसला. पंखा लावला, कार्ड लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला. शेठनी पत्र्यावर हात ठेवला नाही.

मशीनचा प्रोग्रॅम मला नव्याने भरावा लागला. तो चालू होताच सराफांनी लगडी उचलून स्वतःच्या हाताने आत ठेवली. पडद्यावर आकडा स्थिरावला: सत्याऐंशी.

"देखा?" सराफ म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं होतं.

 प्रोग्रॅम नव्याने भरला की जुनं जुळवलेलं माप पुसलं जातं. कंपनीचा माणूस येऊन ते पुन्हा लावेपर्यंत मशीन वर-खाली बोलतं. मी ते घाईघाईने सांगितलं. सराफांनी हात वर करून मला थांबवलं. तुम तो इनके आदमी हो, असं म्हणाले. आणि ते खरंच होतं.

 शेठनी बोटातली अंगठी काढून सराफांसमोर ठेवली.   ती अंगठी सराफांच्याच दुकानातली होती, बावीस कॅरेट म्हणजे एक्याण्णव साठ म्हणून विकलेली. शेठ रोज सकाळी ती मशीनमध्ये ठेवत, रोज एक्याण्णव वीस यायचे, आणि मधले चाळीस पॉइंट सराफांनी खाल्ले म्हणून दोघांची वर्षानुवर्षं थट्टा चालायची. सराफ म्हणायचे, टाक्याचं सोनं आहे, म्हणजे सांधा जोडलेलं, तेवढं कमी चालतं.

"लगाइए," शेठ म्हणाले.

सराफांनी अंगठी ठेवली. एक्याण्णव नव्वद.

"अब बताइए," शेठ शांतपणे म्हणाले. "आपने मुझे बाईस से ज़्यादा दिया था? या मशीन आज झूठ बोल रही है?"

कुठलाही सराफ काय वाटेल ते कबूल करील, पण कधी चुकून जास्त सोनं दिलं हे कबूल करणार नाही. सराफांनी आकड्याकडे पाहिलं, अंगठीकडे पाहिलं. दोन्ही आकड्यांत सारखीच, सत्तर पॉइंटची वाढ होती हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ते मोठ्याने हसले. म्हणाले, मराठाजी, तू वकील क्यों नहीं बना. उठून त्यांनी शेठच्या खांद्यावर थाप मारली, डबा उघडला.

शेठ हसले नाहीत. राजमा त्यांनी घेतला, पण दोन घासांनंतर डबा बाजूला सारला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस येऊन माप लावून गेला. लगडी शहाऐंशी तीसच निघाली. सराफांनी मिठाई पाठवली. बाहेर कुणाला काही कळलं नाही. पण त्यानंतर दोघांच्या बोलण्यात 'जी' फार यायला लागलं.

वर्ष संपायच्या आत शेठनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि गावाकडे जायचं ठरवलं. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा मी न राहवून बोललो. म्हणालो, "शेठ, मी तो बोर्ड वेळेवर बदलला असता तर हे काहीच झालं नसतं. माझ्यामुळे झालं सगळं."

त्यांनी दोरीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"मशीन बंद पडलं ते तुमच्यामुळं," ते म्हणाले. "त्येच्यात तुम्हाला सूट न्हाई. पर तो लगडीवर नजर ठिवून बसला, त्ये तुमच्यामुळं न्हाई. तेवढं वझं तुमी घिऊ नका. त्ये माझं हाय."

गेल्या महिन्यात मी देखभालीला गेलो होतो. पुतण्याने सगळं नवीन घेतलं आहे, चकचकीत. सराफ आले, आता थोडे वाकलेले. पिशवीतून दागिने काढून टेबलावर ओतले आणि लगेच जायला वळले. पुतण्या म्हणाला, अंकल, बैठिए, आपके सामने गलाता हूँ. सराफांनी मागे न बघता हात हलवला. ते समोरच्या टपरीपाशी जाऊन, दुकानाकडे पाठ करून उभे राहिले आणि चहा घेत राहिले. भट्टी पेटली, सोनं वितळलं, लगडी झाली, चिठ्ठी निघाली, तरी ते वळले नाहीत.

पुतण्याने मला हळूच विचारलं, "हे असं का करतात हो? दर वेळी असंच."

मी त्याच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे बसून हे ज्याने बघायला हवं होतं तो माणूस विट्याजवळच्या आपल्या गावात होता, आणि मी फोन करून सांगितलं तर तो विषय बदलेल हे मला माहीत होतं.