मागच्या गेटचं बारदान

"खर्ची टाका," असं म्हणताना आमचे साहेब उजव्या हाताचा तळवा टेबलावरून बाहेरच्या बाजूला फिरवायचे. टेबलावर काही सांडलेलं नसायचं, तरी चिवड्याचे कण झटकावेत तसे. चहा गार झाला, खर्ची टाका. छत्रीची काडी मोडली, खर्ची टाका. एकदा त्यांची स्वतःची बढती हुकली, तेव्हाही टेबलावरून तळवा तसाच फिरला. तुमच्यापैकी कुणी सरकारी कचेरीत दिवस काढले असतील, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कामावर वेळेवर येणारा, कुणाशी न भांडणारा, आणि सकाळी अकरालाच दमलेला.

आमची कचेरी म्हणजे सरकारच्या एका सुरक्षा यंत्रणेचं ठाणं होतं. नाशिकहून ओझरकडे जाताना हायवे सोडून थोडं आत. सुरक्षेच्या कारणास्तव फाटकावर पाटी नव्हती. पण एसटीचा कंडक्टर आमचा थांबा आला की "सिक्युरिटीवाले, चला उतरा" असं ओरडायचा आणि सगळी बस आमच्याकडे बघायची. मी मात्र ती गुप्तता अजून पाळते. यंत्रणेचं नाव सांगत नाही, आणि त्यांचंही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. कचेरीत कॉम्प्युटर आले होते आणि ते कुणालाच चालवता येत नव्हते, म्हणून मला कंत्राटावर घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, चपला बाहेर काढाव्या लागत. मी दिवसभर अनवाणी, शाल पांघरून, कुणाशी फारसं न बोलता टाइप करत बसायची. मला ते बरंच होतं. ते खरेदी आणि भांडार बघायचे. त्यांच्या पत्रांचा ढीग माझ्याकडे यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर टाइपरायटरच्या वाळून गेलेल्या रिबिनी पडल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे सगळं खर्ची टाका."

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी होतं, पण कचेरीचं मराठी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी बाहेर गेले आणि व्हरांड्यातली एक लाकडी खुर्ची उचलून आणली. जड होती. ती त्यांच्या टेबलासमोर ठेवली आणि रिबिनी नीट रचून तिच्यावर टाकल्या.

ते खुर्चीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"कुठल्या शाळेत होतात, मिस?"

मी शाळेचं नाव सांगितलं.

"वाटलंच," ते म्हणाले. "खर्ची टाकणं म्हणजे संपलं म्हणून लिहिणं. वस्तू असते, पण कागदावर ती नाहीशी होते. कळलं?" मी मान हलवली. माझे कान गरम झाले होते. "आता आणलीच आहे, तर बसा तिच्यावर. रिबिनी मी काढतो."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'मिस' झाले ती कायमची. त्यांनी हा किस्सा कचेरीत कुणालाही सांगितला नाही. सांगितला असता तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आमच्याकडचा खरा ऋतू मार्च. वर्षभर काहीच हलायचं नाही आणि मार्च लागला की वरून फोन सुरू व्हायचे. मंजूर झालेला पैसा एकतीस तारखेच्या आत संपला नाही तर परत जातो, आणि परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळतो. म्हणून काहीही घ्या, पण घ्या. एका मार्चमध्ये आम्ही बर्फात घालायचे बूट घेतले. नाशिकमध्ये. एका मार्चमध्ये श्वानपथकासाठी फरशी घातलेलं, पंखे लावलेलं श्वानगृह उभं राहिलं. कुत्री मात्र आली नाहीत.

"कुत्री का नाही घेतली, सर?" मी एकदा धीर करून विचारलं.

"कुत्र्याचं हेड वेगळं आहे."

हेड म्हणजे पैसा कुठल्या नावाखाली आलाय ते. बांधकामाचा पैसा कुत्र्यावर चालत नाही, यंत्रांचा पैसा बांधकामावर चालत नाही. हे त्यांनी मला इतक्या वेळा, इतक्या थकलेल्या आवाजात समजावलं होतं की शेवटी मी प्रश्न विचारला की ते नुसतं डोक्याला बोट लावायचे. हेड.

"तुम्ही वर का लिहीत नाही?"

"लिहायचो. मग त्या लिहिण्यावर खुलासा मागायचे. मग मी खुलासा लिहायचो." तळवा फिरला. "दमलो हो, मिस."

एकच पत्र ते न चुकता दर दिवाळीनंतर पाठवायचे. ते मागच्या गेटवरच्या पहाऱ्यासाठी केबिन मागणारं होतं. मागचं गेट द्राक्षबागांकडे उघडायचं. तिथे सायखेड्याचे एक वयस्क जवान ड्यूटीला असायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. डोक्यावर एक निंबाचं झाड, बसायला दगड. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत असेल. त्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मी सकाळी यायची तेव्हा तो धूर अजून जमिनीलगत रेंगाळत असायचा, आणि मामा तारेच्या कुंपणाला चिकटून, हात पलीकडे काढून उभे असायचे.

"साहेब, त्या द्राक्षाला शेकोटी हाय," ते खोकत खोकत हसायचे, "मला नाय. मी द्राक्ष व्हायला पायजे व्हतो."

"पुढच्या जन्मी. या जन्मी तुमचं हेड वेगळं आहे, मामा."

दोघं हसायचे. पण मामांचा खोकला दर हिवाळ्यात लांबत चालला होता. सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीत पाणी झालं होतं, पुन्हा उघड्यावर हिवाळा काढलात तर मी जबाबदार नाही. मामांची नोकरी अजून बाकी होती आणि दुसऱ्या गेटवर बदली मिळत नव्हती. केबिनच्या पत्राला उत्तर यायचं: तरतूद उपलब्ध नाही.

मग त्या वर्षीच्या मार्चमध्ये बॅगा तपासायचं यंत्र आलं. विमानतळावर असतं तसं, पट्ट्यावर बॅग ठेवायची की आतलं सगळं पडद्यावर दिसतं. आमच्याकडे बॅगा घेऊन कुणीच येत नव्हतं, आमचे जेवणाचे डबे सोडले तर. शिवाय त्याला लागणारं वीज-कनेक्शन आमच्याकडे नव्हतं, आणि विजेचं हेड अर्थातच वेगळं होतं. यंत्र हॉलमध्ये एका कोपऱ्यात ठेवून त्यावर ताडपत्री घातली. सील तसंच राहिलं. शिपाई त्यावर पाण्याचे ग्लास उपडे घालायला लागला.

सगळे यंत्र बघत होते तेव्हा साहेब बाहेर अंगणात होते. यंत्र ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्या खोक्याभोवती ते फिरत होते. माणूस उभा राहील एवढं उंच, जाड फळ्यांचं, आतून डांबरी कागद लावलेलं. त्यांनी बोटाच्या पेरांनी फळ्या वाजवल्या. मग आत शिरले आणि उभे राहिले.

"मिस, जरा इकडे या. वारा लागतो का बघा."

मी आत गेले. लाकडाला राळेचा वास होता. वारा लागत नव्हता. ऊन पडून फळ्या तापल्या होत्या.

"मामांना बोलवा," ते म्हणाले. इतकी वर्षं पाहत होते मी त्यांना, पण हा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यात दमणूक नव्हती.

मामांचा मेहुणा सुतार होता. त्याने एका रविवारी येऊन खोकं मागच्या गेटवर उभं केलं, दार कापलं, खिडकी पाडली. खोक्याचा तळ सगळ्यात मजबूत होता, म्हणून तो छपराकडे केला. त्यामुळे खोक्यावर रंगवलेला 'ही बाजू वर' सांगणारा बाण जमिनीकडे वळला, आणि काचेचं सामान आहे हे सांगणारा पेला उलटा झाला.

"साहेब, बाण खाली गेला की!" मामा म्हणाले.

"जाऊ दे. कागदावर वर आहे ना, बास."

मग ते माझ्याकडे वळले. "मिस, आता इथे एक खुर्ची टाका."

मी विचारात पडले. काय संपलं म्हणून लिहायचं? नवं खोकं? मी वही काढायला लागले.

"खुर्ची हो, खुर्ची!" ते हसता हसता खाली बसले. "बसायची! तुमच्या त्या पहिल्या दिवसाची!"

ती व्हरांड्यातली जड खुर्ची आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून मागच्या गेटला नेली. त्या हिवाळ्यात मामा कमी खोकले.

पुढच्या वर्षी ऑडिट आलं. दोन ऑडिटर. त्यांनी ताडपत्री उचलून यंत्र पाहिलं, सील पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "वस्तू सुस्थितीत. छान ठेवलीय." बर्फाचे बूटही छान ठेवले होते. श्वानगृहात तर एक केसही नव्हता. मग थोरल्या ऑडिटरने चष्मा पुसला.

"यंत्राचं बारदान कुठाय?"

बारदान म्हणजे माल ज्यातून येतो ती पोती, खोकी. रिकामं बारदान जमा करून लिलावात काढायचं असतं, असा नियम.

"मागच्या गेटवर," ते म्हणाले.

"म्हणजे पडून आहे?"

"नाही, उभं आहे. त्यात माणूस आहे."

ऑडिटर गेटवर जाऊन आले. मामांनी आतून उठून त्यांना सलाम केला होता. परत आल्यावर थोरले जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, तुम्ही रिटायर होताय. पावसात कुजलं म्हणून लिहा. खर्ची टाका ना. मी सही करतो."

माझे हात कीबोर्डवर होते. मला वाटलं, आता तळवा फिरणार.

"मग ते केबिन?" त्यांनी विचारलं.

"कागदावर खोकं कुजलं म्हटल्यावर ते तिथे उभं कसं राहील? पाडावं लागेल."

"नाही," ते म्हणाले. "कुजलेलं नाही. लिहा, परवानगीशिवाय वापरलं."

ऑडिटरने खांदे उडवले आणि आक्षेप लिहिला. ते त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली, पण आक्षेप निकाली निघेपर्यंत ग्रॅच्युइटी अडकली. सिडकोतल्या घरावर एक खोली चढवायची म्हणून त्यांनी वाळू आणून टाकली होती. तिच्यावर गल्लीतली मांजरं बसायला लागली.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा यायचे. बस स्टॉपवरून चालत, हातात कापडी पिशवी. नवे लोक त्यांना ओळखत नव्हते. "आले ग्रॅच्युइटीवाले," असं कुणीतरी म्हणायचं. ते थेट माझ्या खोलीच्या दाराशी यायचे, चपला बाहेर काढायचे आणि हळूच विचारायचे, "प्रलंबित आहे ना अजून?"

"हो सर. मी पेन्शन सेक्शनला आठवण करू का?"

"नको, नको."

मला वाटायचं, संकोचाने म्हणतात. एकदा मी न सांगता सेक्शनमध्ये जाऊन विचारून आले. तिथल्या क्लार्कने सांगितलं, सोपं आहे, खोकं उचलून लिलावात काढायचं, किंमत भरून घ्यायची, प्रकरण बंद. मी आनंदाने त्यांना ते सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "विचारलंत होय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून समजावल्यासारखं बोलले, "अहो मिस, वादातल्या वस्तूला कुणाला हात लावता येत नाही. प्रकरण आहे, तोवर खोकं आहे. मिटलं की उचलतील."

मी तेव्हापासून सेक्शनमध्ये गेले नाही. ते यायचे, विचारायचे, मी "हो, प्रलंबित" म्हणायचे, आणि ते पिशवीतून आणलेले पेरू माझ्या टेबलावर ठेवून मागच्या गेटकडे जायचे. खिडकीतून मला दोघं दिसायचे. मामा खुर्ची बाहेर काढून त्यांना द्यायचे आणि स्वतः दगडावर बसायचे.

मग एका महिन्यात ते आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी आल्या, एकट्याच. झोपेत गेले म्हणाल्या. त्यांनी सेक्शनमध्ये सगळं ऐकून घेतलं होतं. एक सही केली की प्रकरण बंद होणार होतं. अर्ज हातातच होता.

"तुम्ही मिस ना?" त्यांनी विचारलं. "ते खोकं कुठेय? ज्याच्यापायी एवढं झालं ते बघू तरी."

मी त्यांना मागच्या गेटला नेलं. जानेवारी होता, बागेतला धूर अजून विरला नव्हता. मामा उठून उभे राहिले. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी टोपी काढली, खुर्ची हाताने पुसली. "बसा, वहिनी. आतच बसा. बाहेर लय गार हाय."

त्या आत जाऊन बसल्या. फळ्या पाहिल्या. खिळ्याला अडकवलेला डबा, कोपऱ्यात घडी घातलेली घोंगडी. उलट्या पेल्यावरून बोट फिरवलं. मामा दाराबाहेर उभे होते.

"ऊब आहे हो आत," त्या शेवटी म्हणाल्या.

"हाय ना, वहिनी."

"आणि मिटलं नाही तर किती दिवस राहील हे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मिटेपर्यंत."

त्या थोडा वेळ बागेकडे बघत बसल्या. "वर खोली चढवून आता राहणार कोण," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि खुर्चीच्या हातावरून तळवा बाहेरच्या बाजूला फिरवला. तिथे काही सांडलेलं नव्हतं.