न कापलेला सांधा

माणसाला काही ना काही खूळ असतंच. कुणी कबुतरं पाळतं, कुणी सोसायटीच्या मीटिंगला मुद्दाम भांडायला जातं. मोशी प्राधिकरणातल्या नागसेन ओव्हाळचं खूळ सोळा फूट लांब होतं, पोलादी नळ्यांचं होतं, आणि त्याच्यापायी गेली दोन वर्षं घरची स्कूटर रस्त्यावर भिजत होती. घराखालच्या पार्किंगला शटर लावून नागसेन आत विमानाचा सांगाडा बांधत होता.

खेळण्यातला नव्हे, खराखुरा. एका माणसानं बसायचं, एवढंच लहान विमान. नकाशे परदेशातून मागवलेले. पंख, इंजिन, सरकारी परवाने ही पुढची गोष्ट होती, आणि ती पुढची गोष्ट कधी येणार, असं कुणी विचारलं की नागसेन टोपी काढून डोकं खाजवायचा. "आधी सांगाडा तर होऊ द्या," एवढंच म्हणायचा. त्याच्या बायकोनं, कस्तुरानं, सुरुवातीला एकदाच विचारलं होतं, "पण विमानच कशाला? झोपाळा करा की एखादा. मी बसेन तरी."

"एकतीस वर्षं मी नुसतं कापलं गं," नागसेन म्हणाला होता. "एक तरी वस्तू अशी करू दे, जी कापायची नाही."

हे कापण्याचं प्रकरण सांगायला हवं. नागसेन भोसरीतल्या एका कंपनीत होता. तिथं मोटरसायकलच्या फ्रेम बनायच्या. दर शिफ्टला लाइनवरून एक नवी, चकाकती फ्रेम उचलून त्याच्या खोलीत यायची. तो तिचे वेल्डिंगचे सांधे कापायचा, कापलेला तुकडा घासून आरशासारखा करायचा, त्यावर अॅसिडचा बोळा फिरवायचा आणि भिंगातून बघायचा. दोन नळ्यांचा धातू आतून एकजीव झालाय की नुसताच वरवर चिकटलाय, ते तेव्हा कळायचं. ठीक असेल तर लाइन चालू. नसेल तर त्या शिफ्टचा सगळा माल बाद. कामगार त्याला मागे 'करवतराव' म्हणायचे. त्यालाही ते ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपल्या हातून गेलेली एकही वस्तू जगात शाबूत नाही.

आणि विमानच का, तर झोपाळ्याचा सांधा सुटला तर माणूस ढुंगणावर आपटतो, उठतो, शिव्या देतो. विमानाच्या सांध्याला तशी दुसरी संधी नसते. नागसेनला असंच काहीतरी करायचं होतं, जिथं कापून बघायचा मोह सगळ्यात जास्त होईल आणि तरी कापायचं नाही. माणूस स्वतःची परीक्षा घेतो ती अशी, उगाच घर उन्हात बांधून.

अडचण एकच होती. सांधा चांगला की वाईट हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, पण तो करणारा हात त्याच्याकडे नव्हता. विमानाच्या नळीच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. ज्योत क्षणभर जास्त थांबली की भोक, कमी थांबली की कच्चं. असा हात त्यानं एकतीस वर्षांत एकच पाहिला होता. करीम मुलाणीचा. आणि करीमला कंपनीतून घालवलं होतं ते नागसेनच्याच कागदानं.

विमान सुरू व्हायच्या सोळा वर्षं आधी करीमच्या शिफ्टची फ्रेम कापली, तर आत सगळं बुडबुड्यांनी पोखरलेलं. नागसेननं पाहिलं ते लिहिलं. शंभरावर फ्रेम भंगारात गेल्या, करीमला वेल्डिंगच्या टॉर्चवरून काढून पॅकिंगला लावलं आणि सहा महिन्यांत तो आपण होऊन निघून गेला. पुढे कळलं की गॅसची लाइन गळत होती. करीमच्या हाताचा त्यात काहीच दोष नव्हता. पण तोवर कागद फाइलला लागला होता, आणि नागसेन काही करीमच्या दारी गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत सोळा वर्षं गेली.

शेवटी गेला तो विमानाचे नकाशे काखेत मारून. करीमचं दुकान चाकणला, कांद्याच्या मार्केटकडं जाणाऱ्या रस्त्यावर. गेट, ग्रिल, ट्रॉलीचे मोडके दांडे असलं काम. नागसेननं आधी ते जुनं बोलून टाकलं. "करीमभाई, तेव्हा गॅसची लाइन गळत होती. तुमची चूक नव्हती."

"ठावं हाय," करीम ट्रॉलीखालून न निघताच म्हणाला. "त्याच दिशी मी तुला सांगितलं व्हतं. तू लिहिलं न्हाईस."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता."

"व्हय. रकाना नव्हता." करीम बाहेर आला, हात पुसले आणि नकाशा न बघता नळीचा नमुना उचलला. बराच वेळ बोटांत फिरवत राहिला. इतकी वर्षं कांद्याच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या माणसाच्या हाताला पुन्हा हातासारखं काम दिसलं होतं. राग राहिला बाजूला, पण विरघळला मात्र नाही. "येतो," करीम म्हणाला. "पर एक अट हाय, ओव्हाळ. माजा जॉइंट कापायचा न्हाई. एक बी न्हाई. इस्वास आसंल तर सांग, नसंल तर च्या पी आन् जा."

नागसेननं शब्द दिला.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, म्हणून करीम गुरुवारी यायचा. आठवडाभर नागसेन नळ्या कापून ठेवायचा. नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल अशी खाच कानशीनं घासायची, मधे कागदसुद्धा जाता कामा नये. कापण्यात त्याचा हात कोण धरणार! करीम ती खाच डोळ्यासमोर धरायचा, काही न बोलता पुढची मागायचा. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नागसेनला कंपनीनं दिलं नव्हतं.

एक नियम दोघंही पाळायचे. सांधा लावल्यावर तो आपापला थंड होऊ द्यायचा. तापल्या नळीला वाऱ्याची झुळूक लागली तर ती आत चिरू शकते आणि बाहेरून दिसतसुद्धा नाही. म्हणून पंखा बंद, शटर बंद. मे महिन्यात दोन साठीचे गृहस्थ बनियनवर घामाच्या धारा गाळत बसायचे आणि कस्तुरा मागच्या दारानं ताकाचे पेले सरकवून पटकन दार लावून घ्यायची. एकदा तिनं दार जरा जास्त उघडलं, तर नागसेन असा काही खेकसला की तिनं दोन दिवस ताक बंद ठेवलं.

मधल्या वेळात करीम त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांवर टॉर्च आणि जोडात वितळवायची तार धरायला शिकवायचा. नागसेनचे सांधे धड यायचे, पण दिसायला गव्हाच्या पिठाच्या गोळ्यासारखे. "खायला बरं लागंल," करीम म्हणायचा. दोन वर्षांत सांगाडा उभा राहिला. जमिनीवर बसलेल्या मोठ्या मासोळीसारखा तो दिसायचा, आणि नागसेन रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याभोवती एक चक्कर मारायचा.

मग तो गुरुवार आला. बैठकीखालचा सांधा. तिथं पाच नळ्या एकत्र येतात आणि बसणाऱ्याचं सगळं वजन त्यावर येतं. करीमनं तासभर खपून तो लावला आणि हात धुऊन दुपारच्या नमाजाला चौकातल्या मशिदीत गेला. सांध्याची लाली नुकतीच मावळली होती. तेवढ्यात कुणीतरी शटर बडवलं. पार्सलवाला. आणि दोन वर्षं बायकोवर खेकसणाऱ्या नागसेननं, कोण जाणे कुठल्या तंद्रीत, सरळ शटर वर केलं. बाहेर धुळीची वावटळ उठली होती. ती तडक आत शिरली.

त्यानं शटर खाली ओढलं, पण वारा लागायचा तो लागून गेला. करीम परत आला, सांध्याभोवती एकदा फिरला, म्हणाला, "झ्याक." नागसेनच्या ओठांवर शब्द आला होता, पण तोंड उघडलं नाही. बायकोला एवढं बोललो, आता मीच, असं कसं सांगायचं? माणूस मोठमोठ्या गोष्टींत खरं बोलतो आणि असल्या फुटकळ लाजेपायी गप्प बसतो.

पाच दिवस त्याला जेवण गोड लागेना. सांध्याकडं बघायचा, बोटानं वाजवायचा, भिंग लावायचा. वरून काही दिसणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मंगळवारी दुपारी कस्तुरा विहारात महिला मंडळाला गेली आणि नागसेननं खिळ्यावरची करवत काढली. मी करीमचा हात तपासत नाहीये, माझी चूक तपासतोय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. करवतीला असली समजूत कळत नाही. तिनं करीमचाच सांधा कापला.

घासला, अॅसिड लावलं, भिंगाखाली धरला. आणि नागसेन खुर्चीत मागं रेलला. इतका सुंदर सांधा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. ना चीर, ना बुडबुडा. पाच नळ्या कुठं संपतात आणि जोड कुठं सुरू होतो, ते शोधून सापडत नव्हतं. क्षणभर त्याला नुसता आनंद झाला. मग समोर कापलेल्या सांगाड्याकडं लक्ष गेलं. दिलेला शब्द गेला होता, आणि तोही फुकट.

गुरुवारच्या आत दुसरी नळी बसवून, दुसऱ्या कुणाकडून गुपचूप जोडून घेता आली असती का? हा विचार त्याच्या मनात आला, हे लपवून उपयोग नाही. पण करीमला स्वतःचा सांधा ओळखता येत नाही, असं मानायला नागसेन इतकाही मूर्ख नव्हता. शिवाय एकदा त्यानं या माणसाबद्दल अर्धंच लिहिलं होतं. बुधवारी सकाळी तो घासलेला तुकडा रुमालात बांधून निघाला. पुणे-नाशिक रोडच्या कोंडीत कंपन्यांच्या बसमागं स्कूटर रेटताना तो बोलायची वाक्यं जुळवत राहिला. दुकानात पोचेपर्यंत एकही उरलं नाही.

"शटर मी उघडलं," तो म्हणाला. "तुम्ही नमाजाला गेला होता तेव्हा. गरम जॉइंटला वारा लागला. मी सांगितलं नाही. मग राहवेना, म्हणून काल कापला." आणि रुमाल पुढे केला. "चूक माझी. तुमचं काम एक नंबर आहे."

करीमचा चेहरा दगडासारखा झाला. नागसेनला वाटलं, आता तुकडा रस्त्यावर फेकणार. करीमनं तो उचलला, दारात उजेडाला गेला. खिशातला चष्मा लावला. नागसेननं भिंग दिलं. मार्केटकडं जाणारे टेम्पो हॉर्न वाजवत होते, आणि करीम हललासुद्धा नाही.

"हे माजं?" त्यानं विचारलं.

तेव्हा कुठं नागसेनच्या डोक्यात उजेड पडला. चाळीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या या माणसानं आपलं काम आतून कधी पाहिलंच नव्हतं. कापलेले तुकडे नागसेनच्या खोलीत राहायचे, बाहेर यायचा तो फक्त निकाल. करीमला बाद झालेलं तेवढं कागदावर कळलं होतं. पास झालेले हजारो सांधे कसे होते, हे त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं. नागसेनला स्वतःची भयंकर लाज वाटली, शब्द मोडल्याहून जास्त.

"तुमचंच, करीमभाई. असं दुसरं मी पाहिलेलं नाही."

करीमनं तुकडा रुमालात गुंडाळला आणि रुमालासकट आपल्या खिशात घातला. "शबुद मोडलास तू," तो म्हणाला. "ते मी इसरणार न्हाई. उद्या येतो."

गुरुवारी आला. नागसेननं नवी नळी घासून, खाचा जुळवून तयार ठेवली होती. करीमनं टॉर्च पेटवली, ज्योत निळी केली आणि त्याच्याकडं दिली.

"तू लाव."

"मी? बैठकीखालचा?"

"तू कापलास, तू लाव. मी हाय हितं."

दीड तास लागला. करीम खांद्याशी उभा राहून वितळत्या धातूचा एकेक थेंब बघत होता. "थांब. आता तार. हळू. फुडं चल." सांधा झाला, पण नेहमीसारखाच पिठाच्या गोळ्यासारखा दिसत होता. दोघं घामात बसून राहिले. या वेळी शटर बडवलं गेलं असतं तर नागसेननं आतून कडी घातली असती.

सांधा पुरता गार झाला आणि नागसेनची नजर सवयीनं खिळ्यावरच्या करवतीकडं गेली. करीमनं ते बरोबर टिपलं.

"काप की," तो म्हणाला. "आता तुजाच जॉइंट हाय. मी आडवणार न्हाई."

नागसेन उठला. करवतीपाशी गेला. तिथंच उभा राहिला. आत बुडबुडा असेल? कच्चं राहिलं असेल? त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ज्यांचं काम कापलं त्यांचा जीव दर शिफ्टला असाच टांगणीला लागत असेल, हे त्याला आज कळलं.

मागं लाकूड सरकल्याचा आवाज आला. वळून बघतो तर करीमनं सांगाड्यात बैठकीच्या जागी फळी आडवी टाकली होती आणि नव्वद किलोचा तो माणूस एकेक पाय आत घेत होता.

"करीमभाई, थांबा! आधी वाळूची पोती ठेवून बघू..."

करीम बसला. सगळं वजन सोडून, पाय लांब करून. नागसेन धावत आला, जमिनीवर गुडघे टेकले आणि सांध्याखाली दोन्ही तळहात धरले. सांधा सुटलाच असता तर त्या हातांनी काय होणार होतं? पण धरले. कस्तुरा चहा घेऊन मागच्या दारात आली आणि नवऱ्याला तशा अवस्थेत बघून तिथंच थबकली.

"वहिनी, हितं द्या," करीम म्हणाला. त्यानं सांगाड्यातूनच पेला घेतला, एक घोट घेतला, आणि खाली वाकून बघितलं.

"नागसेन," तो म्हणाला, "हात काढ."

नागसेननं नकाराची मान हलवली.

"काढ म्हनतो ना. मी बसलोय न्हवं."

नागसेननं आधी एक हात काढला, मग दुसरा. करीम सावकाश चहा पीत राहिला.