कावळ्याला कबूल केलेलं मशीन

आमचे अप्पा लाकूड फोडताना गेले. लाकूड फुटलं नाही.

पनवेलच्या आमच्या कौलारू घराच्या परसात चिंचेचा एक ओंडका पडून होता. गाठीगाठींचा, आणि अप्पांसारखाच कुणाचं न ऐकणारा. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबातच तापलं पाहिजे हा अप्पांचा दंडक. बंबाला लागणारी लाकडंही ते स्वतःच फोडत. डॉक्टरांनी बजावलं, "छातीला झेपणार नाही." अप्पांनी डॉक्टर बदलला. (नव्यानेही तेच सांगितल्यावर डॉक्टरकडे जाणंच सोडलं!) शेवटी एका सकाळी कुऱ्हाड त्या ओंडक्यात रुतली, अप्पा तिच्या दांड्यावर डोकं टेकून खाली बसले, ते उठलेच नाहीत. आई हाक मारायला गेली तेव्हा बंबात पाणी उकळत होतं.

अप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. मी बाजारातून काहीही आणलं की ते मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने आधी त्या वस्तूकडे बघत आणि मग माझ्याकडे. त्या डोळ्याखालून माझी छत्री गेली, टेबलफॅन गेला, दुधी भोपळासुद्धा गेला. पास काहीच झालं नाही. आणि मी तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला होतो, तोही खरेदी खात्यात!

अप्पा गेले आणि चारच दिवसांत आईने पदर खोचला, ओंडक्यावर पाय देऊन कुऱ्हाड उपसून काढली.

"आई, हे काय चाललंय?"

"यांचं काम अर्धं राहिलंय. मी पुरं करणार."

"अगं, पण तुझं वय काय!"

"यांचं होतं तेवढंच."

झालं! रोज सकाळी परसातून ठक् ठक् ऐकू येऊ लागलं. ओंडक्याचा टवकाही उडत नव्हता, पण आईला धाप लागायची. आवाज थांबला की मी अंथरुणात कान टवकारायचो. उठून बघावं तर भीती, न बघावं तर जास्त भीती. एक माणूस त्या ओंडक्याने नेलं होतं, दुसरं न्यायला तो वाट बघत बसला होता.

दहाव्या दिवशी गाढी नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर एक कावळा बसला होता, पण ढिम्म. शेजारच्या पिंडावर तीन-तीन कावळे तुटून पडत होते. तिथली मंडळी आमच्याकडे अशा नजरेने बघत होती, की जणू आम्ही अप्पांना उपाशी ठेवून मारलं!

गुरुजी म्हणाले, "काहीतरी मनात राहिलंय. कबूल करा."

बंडूमामा पुढे झाला. मामाला कबूल करायची हौस फार. "अप्पासाहेब, ताईला आम्ही अंतर देणार नाही!" कावळा हलला नाही. "घराची कौलं शाकारून घेऊ!" कावळ्याने चोच फांदीवर घासली. "तुमचा लाडका भाचा तंबाखू सोडेल!" (मागे उभ्या असलेल्या माझ्या आतेभावाने दचकून मामाकडे बघितलं.) ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायची भाषा बोलू लागले. माझ्या डोक्यात मात्र तो ओंडका आणि आईची धाप. मी हात जोडून ओरडलो, "अप्पा, मी तो ओंडका फोडतो!"

कावळा दोन पावलं सरकला.

"सांग, सांग, आणखी सांग!" मामाने मला ढोसलं.

"आईला कुऱ्हाड धरू देणार नाही! लाकडं फोडायचं मशीन आणतो! हायड्रॉलिक!"

कावळा सरळ पिंडावर उतरला.

परत येताना मामा म्हणाला, "अरे, नुसतं मशीन म्हणायचं. हायड्रॉलिक कशाला म्हणालास?"

"तोंडातून गेलं, मामा." कारखान्यात दिवसभर तोच शब्द कानावर पडायचा, त्याला मी काय करू?

"आता ते आणावं लागेल," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "पिंडाला दिलेला शब्द आहे."

झाली शोधाशोध सुरू! मुंबईच्या दुकानदारांनी असलं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. एकाने मला उसाचा चरक दाखवला. कारखान्यातल्या एका परदेशी कॅटलॉगात चित्र सापडलं, त्यात एक गोरा माणूस बर्फात उभा राहून हसत ओंडका फोडत होता. ते चित्र मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "याचे वडील गेलेले दिसत नाहीत."

अखेर सुकापूरच्या बाळाराम फॅब्रिकेटरकडे गेलो. आडवं लोखंडी बाकडं, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला तेलाच्या जोरावर लाकूड ढकलणारा सिलिंडर, असं ते यंत्र करायचं ठरलं. मी निवडायला बसलो आणि निवडण्यात माझा हात कोण धरणार!

"सायब, ट्रकचा जॅक बसवू. तुमच्या घराला रग्गड हाय."

"आणि तो कोपऱ्यातला मोठा?"

"तो डंपरचा हाय. हौदा उचलायचा. तो नको."

"तोच घालणार!" मी म्हणालो. नेहमी लहान घेऊन फसलो होतो. आता फसायचं नव्हतं.

"बरं. दोनी बाजूंना पट्ट्या मारतो. नायतर लाकूड उडंल."

"पट्ट्या नकोत. आईला लाकूड ठेवायला अडचण होईल. साडी अडकेल."

"सायब, आमी सांगतो ते—"

"बाळाराम, मी खरेदी खात्यात आहे."

बाळारामने यादीतून पट्ट्या काढून टाकल्या.

मशीन टेम्पोतून घरी आलं तेव्हा सगळी आळी जमली. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, सिलिंडरला हार घातला. मामाने पुढे होऊन नारळ वाढवला. चौघांनी मिळून ओंडका बाकड्यावर चढवला आणि मी बटण दाबलं. मोटार घरघरली. सिलिंडर अगदी सावकाश, हारासकट, ओंडक्याला पाचरीवर रेटू लागला.

"आईशप्पथ! काय ताकद आहे!" मामा म्हणाला.

ओंडका करकरला, पण फुटेना. गाठीवर पाचर अडली होती. बाकडं मधोमध वाकायला लागलं.

"बंद करा सायब!" बाळाराम ओरडला. "तिरका झालाय तो!"

"आता फुटेल!" मी म्हणालो आणि बटण आणखी जोरात दाबलं.

फुटलं काहीच नाही. धाडकन आवाज झाला आणि तो ओंडका, ज्याला चार माणसं लागली होती, एकटाच उडाला! मामा आडवा पडला (भीतीने), लोक पांगले, आणि ओंडका सरळ जाऊन न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या बंबावर आदळला. तांब्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. राख हवेत उडाली आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर बसली.

ओंडका शेजारी पडला होता, धडधाकट.

आई बंबाजवळ बसली. फाटलेल्या तांब्यावरून तिने हात फिरवला आणि अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडली. मला तिच्याजवळ जायचं धैर्य झालं नाही. अप्पांची शेवटची उबदार वस्तू मी दोन पट्ट्या वाचवून मोडली होती. बाळारामने मोटारीची वायर काढली.

मी म्हणालो, "आई, नवा बंब आणतो." ती घाईघाईने म्हणाली, "तू नको आणूस!"

तेव्हापासून अंघोळीचं पाणी गॅसवर तापू लागलं. लाकडांची गरज संपली, पण आईची कुऱ्हाड सुटेना. बंब गेला तरी काम राहिलंच आहे, असं तिचं म्हणणं. सकाळची ठक् ठक् आणि माझं कान टवकारणं, दोन्ही चालू राहिलं.

मग अप्पांचं वर्षश्राद्ध आलं. परसाच्या भिंतीवर पान वाढून ठेवलं. कावळा आला आणि नेमका त्या ओंडक्यावर बसला. पानाकडे ढुंकूनही बघेना. सगळे ताटकळले. मामाने तंबाखूचं पुन्हा कबूल केलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजींनीच मला गप्प केलं.

शेवटी आई पुढे झाली. हात जोडून, नेहमी घरात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो, ऐकताय ना? आजपासून मी कुऱ्हाड धरणार नाही. तुमचं काम राहिलं तर राहू दे. मी दमले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर हेच ऐकायला कान आसुसले होते. कावळा मात्र जागचा हलला नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "आणि याला पुन्हा कुठलंही मशीन निवडू देणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पानावर होता! त्याने भात घेतला, वडा घेतला. उडण्याआधी तो थांबला, मान तिरकी केली आणि एका डोळ्याने आधी गंजलेल्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला. अप्पांना मी कुठेही ओळखलं असतं!