पायताण दारात

"पायताण दारात!" असं ओरडल्याशिवाय सणसरचे तात्या आमच्या तबेल्यात पाऊल टाकत नसत. स्वतःच्या चपला उंबऱ्याबाहेर काढायचे आणि मलाही काढायला लावायचे. लिदीत अनवाणी, तुम्हीच सांगा! मी चिडलो की म्हणायचे, "गुरुजी, घोडी अनवाणी हाय आन तुमी सायबावानी आत?"

तात्या नालबंद. हयातीत त्यांचा हात एकदाच चुकला, तो नेमका माझ्या या घोडीवर, हरणीवर. नाल ठोकताना खिळा खुराच्या जिवंत भागात गेला आणि खूर पिकला. महिनाभर हा माणूस रोज एसटीनं आमच्या जळोचीला यायचा आणि तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसायचा. पाय बरा झाला, पण "हिला नाल न्हाय ठोकायचो आता," म्हणाले.

बिननालेची हरणी शेतात बरी चालायची, खडीवर मात्र पाऊल टाकेना. दारातच उभी राहून खंगायला लागली. शेवटी मी घोड्याचे रबरी बूट मागवायचं ठरवलं. तात्यांना सांगताना माझीच जीभ अडखळली, कारण त्यांचं पोट नालेवर. ते मात्र मोबाइलवरचा फोटो बघत राहिले.

"खिळा न्हाय?"

"नाही."

"येकबी?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

माप त्यांनीच घेतलं. आता गंमत बघा, आधी माप घेतलं आणि मग कानशीनं खूर घासला! पहिल्याच दिवशी एक सैल बूट उसात उडाला. आम्ही दोघं पाचटात तासभर शोधत होतो. मी करवादलो, ते पोट धरून हसत होते. पुढचे बूट बरोबर बसले आणि हरणी खडीवरून टपटप चालली.

परतल्यावर तिलाही तोच कायदा. "पायताण दारात! खुराला वारा लागू द्या." बूट काढायचे, जुन्या जखमेवरून अंगठा फिरवायचे आणि हळूच म्हणायचे, "माफ कर गं बाई."

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. फार आठवण येते हो त्यांची. आता बूट मी काढतो. हरणी उंबऱ्याशी थांबते, आपणहून पाय उचलते. बूट निघाला तरी पाय खाली टेकवत नाही, मान वळवून रस्त्याकडे बघत राहते. मग मीच अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "माफ कर गं बाई, तात्यांना."

तेव्हा कुठं ती पाय खाली ठेवते.