उजवा खांदा

खांद्याचं दुसरं ऑपरेशनही फसलं आणि माझं खेळणं संपलं. परदेशातल्या लहानसहान स्पर्धांत पहिल्या-दुसऱ्या फेरीपर्यंत झुंजून पोट भरणारी मी कारध्याला आईकडे परत आले आणि नदीपलीकडे भंडाऱ्याच्या क्लबात मुलांना टेनिस शिकवू लागले.

त्यात लाखनीच्या एका राइस मिलवाल्याची मुलगी होती. आली तेव्हा रॅकेट झाडूसारखी धरायची. पंधराची झाली तोवर जिल्ह्यात तिच्यासमोर टिकणारं कोणी उरलं नव्हतं.

एका रविवारी तिचा बाप पाहुणे घेऊन क्लबात आला. सोबत नागपूरचा एक प्रशिक्षकही होता. खुर्च्या मांडल्या गेल्या.

"मॅडम, पोरीसंगं एक सेट होऊन जाऊ द्या. इथं शिकाचं काही बाकी आहे का नाही, मले पाहाचं आहे."

"माझा खांदा तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणून तं म्हणून राहिलो."

पाहुणे हसले. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण एवढ्याशा पोरीला तर हरवीनच, ही खुमखुमी होती.

सुरुवातीला मीच पुढे होते. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिला पळवत होते. तेवढ्यात बाप ओरडला, "उंच मार, उंच! हात वर जात नाही तिचा!"

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून चेंडू टाकायला लागली. हात वर नेला की खांद्यात काहीतरी फाटायचं. समोरच्याचं दुखणं हेरून तिथंच मारायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. ती चुकत नव्हती. फार सुंदर खेळत होती. शेवटी रॅकेट माझ्या हातातून गळून पडली.

"उचला मॅडम, सेट बाकी आहे," बाप म्हणाला.

मी डाव्या हातानं उचलली. हशा पिकला.

सेट हरल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली. बापानं तिचा दंड धरून ओढला. "हारलेल्याच्या कायले पाया पडतं?"

पुढे ती त्या प्रशिक्षकाकडे नागपूरला गेली. तिच्यामागे आणखी काही मुलं क्लब सोडून गेली.

त्या सेटच्या दुसऱ्या दिवशी मला कंगवासुद्धा धरवेना. आईनं मासोळ्यांची टोपली बाजूला ठेवली आणि माझे केस विंचरायला बसली. गुंता सोडवायचा धीर तिला कधीच नव्हता, ती ओढायची.

"काल बाजारात सारे विचारून राहिले होते. पोट्टीनं हरवलं म्हणते तुले?"

"हो."

"मंग कायले जातं तिथं, हसं करून घ्याले?"

तिनं वेणी करकचून आवळली आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघून गेली.