बाईनं पाहिलेले मासे

बाई मेली त्याला आज वर्ष झालं.

नातू म्हणतो, आबा, 'गेली' असं लिहा. पण माझी ही मोठी बहीण, सगुणाबाई, आरमोरीच्या बाजारात मासे विकायची. मेलेल्याला ती मेलेलाच म्हणायची, ताजा म्हणून कधी विकला नाही. म्हणून तसंच लिहिलं.

चुकलं असेल तर माफ करा. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना भीती वाटते. तशी मला सगळ्याचीच वाटते.

आमच्याकडे तलावात हातानंही मासे धरतात. मला बाईनंच शिकवलं. गढूळ पाण्यात बुडी मारायची आणि डोळे घट्ट मिटायचे, नाहीतर गाळ जातो. मग दगडाच्या कपारीत हात घालायचा. मरळ कोणती, शिंगी कोणती, ते बोटांनाच कळतं.

म्हणजे जन्मभर मासे धरले, पण पाण्याखाली पोहणारा मासा बाईनं कधी पाहिलाच नव्हता.

माझी मुलगी वंदना मालवणला नर्स आहे. एका दिवाळीनंतर तिनं आम्हा दोघांना बोलावलं. तिथे समुद्रात स्नॉर्केलिंग करतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे प्रवाळ, रंगीत मासे पाहायचे.

बाई म्हणाली, मी जाणार.

मी नको म्हटलं. तिला दमा होता. वंदनानं डॉक्टरला विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, तरी मी नकोच म्हटलं. लाट आली तर? नळीत पाणी गेलं तर? बोटवाला आपल्याला विसरून निघून गेला तर?

बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुहं? बाजारात यायच्या आधी मासा दिवसभर काय करते, ते मले एकदा पाहाचं हाय."

वंदनाचा पंजाबी ड्रेस, त्यावर लाइफ जॅकेट. अशी बाई बोटीची शिडी धरून पाण्यात उतरली. गाइडनं तिला रिंग धरायला दिली आणि तोंड पाण्यात घालायला सांगितलं.

थोड्या वेळानं ती वर आली. म्हणाली, काहीच नाही, नुसता अंधार आहे.

गाइड चक्रावला. पाणी आज काचेसारखं आहे म्हणाला. बोटीतले बाकीचे लोक तर ओरडून ओरडून एकमेकांना मासे दाखवत होते.

कारण मला कळलं. या बोटीत ते फक्त मलाच कळू शकत होतं.

"बाई, तू डोळे मिटून राह्यली."

"मी काऊन मिटीन? मी काय लहान हाय?"

पुन्हा तोंड घातलं. पुन्हा अंधार. मनानं उघडे ठेवले तरी तोंडाला पाणी लागलं की डोळे आपोआप मिटत होते. त्यांना साठ वर्षांची सवय. मास्क आत्ता आलेला.

बाकीचे वर येऊ लागले. गाइड म्हणाला, आता परत निघायला हवं. बाई शिडीशी लटकून होती. मास्क कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणाली, "राहू दे. आपल्यासाठी नसन हे."

बाजारात सगळ्यांना पुरून उरणारी बाई. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी गाइडला हात जोडले. पाच मिनिटं थांबा म्हटलं. मास्क लावला आणि उतरलो. खाली तळ लागत नव्हता.

बाईचा मास्क परत डोळ्यांवर ओढला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, लहान पोराचं धरतात तसं. म्हटलं, "खाली पाहू नको. माह्याकडे पाह्य. नजर हटवू नको."

दोघांनी नळ्या तोंडात धरल्या. एकमेकांकडे पाहत पाहत हळूहळू खाली वाकलो. पाणी हनुवटीला आलं, गालाला आलं, काचेवर चढलं.

बाईचे डोळे उघडेच.

पाण्याखाली तिनं पहिलं काय पाहिलं असेल, तर माझं घाबरलेलं तोंड. ती नळीतून हसली. खारं पाणी प्याली. मला वाटलं, संपलं सगळं. पण तिनं माझे हात झटकले आणि खाली पाहिलं.

मग वर यायला तयारच नाही.

एकदा तिचा हात पुढे गेला, धरायला जातो तसा. मासा बोटांजवळून गेला. बाईनं मूठ मिटली नाही.

गाइडनं शेवटी ओढून वर काढलं.

मालवणच्या रस्त्यानं परत जाताना रिक्षात तिनं विचारलं, तू कोणते पाहिले?

मी एकही पाहिला नव्हता. पूर्ण वेळ तिच्या नळीकडे पाहत होतो, श्वास चालू आहे ना म्हणून.

मला वाटलं, आता टोमणा येणार. आला नाही. तिनं मला सगळे मासे सांगितले. एक हळदीसारखा पिवळा, अंगावर काळे पट्टे. एक पोपटी, तो दगड कुरतडत होता आणि कुटकुट आवाज येत होता. एक इवलासा, निळा, घरातून बाहेर येई, पाही आणि परत आत जाई. "तुह्यासारखा," म्हणाली.

मग रिक्षाबाहेर पाहत म्हणाली,

"मले वाटे, मासा म्हणजे धडपडच. हातात आला का तडफडते, टोपल्यात टाकला का तडफडते. इतका निवांत राह्यते तो, हे मले मालूमच नव्हतं रे."

बाई, तुझ्या भावाचा तुला मनापासून नमस्कार.
जिथे असशील तिथे निवांत राह्य.