पुसलेली तिसरी ओळ

चाकणच्या आमच्या कंपनीत सकाळच्या मीटिंगसाठी पांढऱ्या फळ्यावर मार्करने सुविचार लिहायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. मी फिटर. शिक्षण बेताचं, पण अक्षर मोत्यासारखं, साहेबसुद्धा म्हणायचे. मग क्वालिटीत एक नवी मुलगी आली, वाकडहून येणारी. साहेबांना विचारून तिने सुविचाराच्या जागी रोज एक इंग्रजी शब्द सुरू केला: त्याचे अर्थ किती, तो आला कुठून. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय! आणि टाळ्या? अहो, कडकडाट! माझ्या सुविचाराकडे ढुंकूनही न बघणारी पोरं मोबाइलवर तिच्या शब्दाचे फोटो काढायला लागली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. आदल्या संध्याकाळीच ती लिहून गेली होती: ‘व्हाइस’. पहिली ओळ, काम घट्ट धरणारा लोखंडी जबडा. म्हणजे माझ्याच टेबलावरचा! दुसरी ओळ, दुर्गुण. पण त्या शब्दाचं घराणं वेगळं, दिसायला फक्त सारखा. तिसरी ओळ सुरू होत होती, ‘आपल्या व्हाइसचं मूळ...’ माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं त्याचा दांडा मी फिरवतोय, आणि ही कालची पोर मला व्हाइस शिकवणार? ती ओळ पुरती न वाचताच तळहाताने सगळं पुसलं आणि एक जुना सुविचार ठोकून दिला.

मीटिंगला जो तो विचारत होता, “आजचा शब्द कुठाय राव?” सुविचार कुणीच वाचला नाही.

कामाला लागलो. दांडा फिरवताना डोक्यात एकच भुंगा, ह्याचं मूळ काय असेल? दहाच्या चहाला शेवटी लाज सोडली.

“मॅडम, ते व्हाइस... आलं कुठून?”

“काका, आधी हात धुवा. मार्करच्या शाईने निळा झालाय.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग तीच म्हणाली, “द्राक्षाच्या वेलीवरून. तिचे तणावे कसे गोल गोल वळत जातात, तसे व्हाइसच्या स्क्रूचे आटे.” आणि जाता जाता, “माझं अक्षर कुणाला लागत नाही. उद्यापासून शब्द मी सांगते, लिहा तुम्ही.”

तेव्हापासून मीच लिहितो. टाळ्या अजून तिलाच पडतात आणि मी अजून जळतो, खोटं कशाला बोलू? पण उद्याचा शब्द आज संध्याकाळी आम्हा दोघांनाच ठाऊक असतो. पोरं मागे लागतात, “काका, सांगा की!” मी सांगत नाही. जळू देत ती पोरंही.